हिरव्या पाण्याचा निरोप

म्वेओ पठार, खाणीची छावणी
१७ ऑगस्ट २०१६

दादा,

इतके दिवस पत्र नाही, याची आधी माफी मागते. आईचा दुखवटा उतरवला त्यानंतर मी एक ओळही पाठवली नाही. कामाचं निमित्त सांगता येईल, पण ते खरं नाही. रोजनिशी मी रोज लिहिते, म्हणजे हाताला लिहायचा कंटाळा नव्हता. तुम्हाला काय लिहावं ते सुचत नव्हतं, आणि जे सुचत होतं ते लिहवत नव्हतं.

वहिनी, हे तूच वाचून दाखवत असशील. जरा सावकाश वाच. तू पत्रसुद्धा क्रिकेटच्या धावा मोजल्यासारखी वाचतेस.

तुमच्या डोळ्यांचं फ्लाविएंकडून कळलं. साखरेने दुसरा डोळाही नेला आणि नूमेआ शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले. तो म्हणाला, बाबांना अंगणातला उजेड-अंधार कळतो, तेवढाच. मी विचारलं, तारोच्या कंदांचे वाफे दिसत नाहीत म्हणून फार जिवाला लावून घेतात का? तो म्हणाला, "आत्या, तिथे बघायला उरलंय काय?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

पत्राचा एक फायदा असतो. पत्रात मी तुमच्यासमोर नसते. मी मोठी झाले त्या दिवसापासून आपण एकमेकांशी बोललो नाही. तुम्ही बसला असलात की मी वाकून जायचं, तुमचं नाव घ्यायचं नाही, आणि काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. फ्रान्सहून आलेल्या इथल्या पोरांना हे ऐकून वाटतं की आपलं भांडण आहे. मी सांगते, भांडण नाही, मान आहे. त्यांना ते पटत नाही. जेवताना तुम्ही म्हणायचात, सिदोनी, तिला विचार मासा हवा का. मी म्हणायचे, वहिनी, त्यांना सांग पोट भरलं. आणि वहिनी दोन्हीकडे मान वळवून वैतागायची, "मी जेवू कधी? या घराने सून नाही आणली, टपालखातं आणलं."

हे आठवून हसायला येतं. निदान इतके दिवस येत होतं.

आता कामाचं. डोंगर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण मला तो माझ्या शब्दांत पुन्हा सांगू द्या, कारण माझं मागणं त्यावरच उभं आहे. पठाराच्या माथ्यावर लोखंडी गोट्यांचं कवच आहे. त्याखाली लाल जांभा, मग पिवळी माती, मग कुजलेला दगड, आणि सगळ्यात खाली न कुजलेला काळा खडक. पावसाने लाखो वर्षं वरच्या थरांतलं निकेल विरघळवून खाली नेलं. ते सगळंच तळाला पोचलं नाही. बरंचसं वाटेत, कुजलेल्या दगडाच्या भेगांत हिरवं होऊन साठलं. आम्ही तेच खणतो. तिथवर जायचं म्हणजे वरची लाल-पिवळी माती सगळी काढून टाकावी लागते. आणि पाणी धरते ती हीच माती. पठारावरचे बशीसारखे खोलगट खड्डे पाऊस पितात, माती तो जिरवून ठेवते, आणि काळ्या खडकापर्यंत उतरलेलं पाणी आडवं सरकत कुठल्या तरी झऱ्याने बाहेर पडतं. कुठल्या झऱ्याने, हे वरून बघून सांगता येत नाही.

ते कळावं म्हणून मी चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या पावसात, उत्तरेच्या खड्ड्यात रंग ओतला होता. गावच्या सभेत सगळ्यांना सांगितलं होतं की कुठलंही पाणी हिरवं दिसलं तर घाबरू नका, अपाय नाही, फक्त मला कळवा. त्यावर म्हाताऱ्या बेर्नारने हिरव्या पाण्यातली कोळंबी खाल्ल्यावर माणसाचं काय काय हिरवं होईल ते विचारलं. तो नेमकं काय म्हणाला ते मला तुमच्यासमोर लिहिता येणार नाही. तुम्ही तेव्हा उठून बाहेर गेलात आणि मी खाली बघत राहिले.

झऱ्याझऱ्यात मी कोळशाच्या पिशव्या बांधल्या. पाण्यात रंगाचा अंश जरी असला तरी कोळसा तो धरून ठेवतो. तारोच्या पाटाच्या तोंडाशी बांधलेली पिशवी पुरात वाहून गेली. वर, जिथून तो पाट जन्मतो त्या म्हाताऱ्यांच्या जागेत, मी पिशवी बांधलीच नव्हती. पूर्वजांच्या त्या जागेत बाईने जायचं नसतं, आणि ती राखणाऱ्या तुम्हाला डावलून परक्या माणसाला तिथे पाठवणं मला शोभलं नसतं. म्हणून वहिनीकडून तुम्हाला निरोप धाडला की तुम्ही तिथे जाल तेव्हा पाण्यावर नजर ठेवा आणि हिरवं दिसलं तर कळवा. तुमच्याकडून काही निरोप आला नाही. मी अहवालात लिहिलं की उत्तरेच्या खड्ड्याचं पाणी आपल्या नेपारा गावाकडे जात नाही. खाली सही केली.

मग उत्तरेची खाण उघडली. मग पाट बारीक होत गेला. आता वाफ्यांत गवत आहे.

पाऊस कमी झाला म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगत आले. पाऊस खरंच कमी झाला होता. तरी प्रत्येक वेळी हे स्वतःला सांगावं लागतं, यावरूनच काय ते समजायला हवं होतं.

आता कंपनीला दक्षिणेचा खड्डा उघडायचा आहे. माझे साहेब देल्मास म्हणतात, नवी चाचणी कशाला, जुन्याच अहवालाला दोन पानं जोडा आणि सही करा. मला संशय आहे की गावच्या पिण्याच्या नळाचं पाणी त्याच बाजूने येतं. तारो गेला, पाणीही गेलं तर नेपारा उठून जाईल कुठे? मला पुन्हा रंग ओतायचा आहे, आणि या वेळी म्हाताऱ्यांच्या जागेतही कोळसा हवा आहे. मी येणार नाही. तुम्ही म्हणाल त्याच्या हाताने बांधू. परवानगी द्याल? परवानगी रिकाम्या हाताने मागू नये म्हणून पत्राबरोबर कापड आणि तंबाखू पाठवते आहे.

आणखी एक लिहू की नको, असं करत पानाच्या तळाशी आले आहे. आईच्या दुखवट्याला मी आणलेले यामचे कंद तुम्ही चुलीवर चढवू दिले नाहीत. ते बाजूला, केळीच्या पानावर तसेच पडून राहिले. मी नवऱ्याला सोडून आले म्हणून असेल, असं मी धरून चालले. विचारायला कुणी मध्ये नव्हतं. वहिनी त्या दिवशी माझ्याशी नजर मिळवत नव्हती. तुमचा राग मला मान्य आहे. फक्त तो कशाचा आहे ते कळलं तर तो नीट सोसता येईल.

तुमची बहीण,
ओदील


म्वेओ पठार
९ सप्टेंबर २०१६

वहिनी,

हे पत्र आधी एकटीने वाच. चष्मा लावून कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मग त्यांना वाचून दाखव. कुठे थांबता येईल आणि कुठून पुन्हा सुरू करता येईल ते मी मध्ये लिहिलं आहे. त्यांना दिसत नाही, त्यामुळे तू थांबलीस की पुढे गेलीस हे तुझ्याशिवाय कुणालाही कळणार नाही. मीही विचारणार नाही.

दादा,

तुमचं उत्तर पोचलं. "एकदा सांगून जिला ऐकू आलं नाही, तिला आता कोळशाने काय ऐकू येणार?" वहिनीने एकही शब्द न बदलता सांगितलं. कापडही परत आलं, घडी न मोडलेलं.

काल मी नेपाराला आले होते, हे तुम्हाला माहीत आहे. गाडी प्रार्थनाघराजवळ ठेवून चालत आले. तुम्ही आंब्याखाली बसला होतात, रस्त्याकडे पाठ करून. वहिनी मळ्यात गेली होती, घरात कुणीच नव्हतं. एकटा भाऊ असताना एकट्या बहिणीने अंगणात पाऊल टाकायचं नसतं, म्हणून मी कुंपणापाशीच थांबले. तुम्ही वळला नाहीत. पायाशी बसलेल्या कुत्र्याला म्हणालात, "काळ्या, कुणीतरी आलंय बघ. चाल ओळखीची वाटते. तहान लागलीय का विचार."

मीही काळ्यालाच म्हटलं, "त्यांना सांग, पाणी नको. येताना नळावर प्यायले."

"म्हणजे नळाला अजून पाणी आहे," तुम्ही त्याला म्हणालात. "बरं झालं. आता त्याच्याकडे कुणाची नजर वळली असेल तर आधी कळवा म्हणावं. हंडे भरून ठेवतो."

काळ्या एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. आयुष्यात आपण एकमेकांशी याहून जवळून बोललो नाही. मला त्याला आणखी एक वाक्य सांगायचं होतं. ते तोंडात होतं. सांगितलं नाही. तुम्ही टोपी डोळ्यांवर ओढून घेतलीत आणि मी वाकून, जणू तुमच्यासमोरूनच जाते आहे अशी, कुंपणाकडेने निघून गेले.

वहिनी, इथे थांब. इथून पुढचं वाचायचं की नाही ते तुझ्या हातात आहे. वाचायचं नसेल तर खाली जिथे मी पुन्हा 'दादा' असं स्वतंत्र ओळीत लिहून सुरुवात केली आहे, तिथून पुढे जा.

गेल्या रविवारी इथल्या पठाराखालच्या किनाऱ्यावरच्या मैदानात नेपाराच्या बायकांचा क्रिकेटचा सामना होता. गुडघ्यांमुळे वहिनी आता खेळत नाही, पण संघाबरोबर ट्रकमधून येते आणि सीमेवर चटई टाकून पंचांना फैलावर घेते. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. आपला संघ जिंकला, बाकीच्या बायका नाचल्या, आणि ही चटई गुंडाळत बसली. मग मला निआउलीच्या झाडांखाली घेऊन गेली आणि तुमचं उत्तर सांगितलं.

मी म्हटलं, "एकदा सांगून? कुणी सांगितलं? मला कुणी काही सांगितलेलं नाही."

ती झग्याच्या लेसशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या पत्रातली एक ओळ मी वाचली नाही."

"कुठली?"

"'तुमच्याकडून काही निरोप आला नाही.' ती. तिथवर आले आणि खोकले. मग म्हटलं, इथे कागद ओला झालाय, पुढचं वाचते."

दादा, आता तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिण्याचा प्रयत्न करते, कारण माझ्या शब्दांत ते एक तर जास्त कठोर होईल नाही तर जास्त मऊ.

ती म्हणाली, पावसाच्या त्या आठवड्यात तुम्ही म्हाताऱ्यांच्या जागेवरून खाली आलात ते भिजून, आणि कॉफीलाही हात लावला नाहीत. म्हणालात, आत्ताच्या आत्ता खाणीवर जा आणि माझ्या बहिणीला सांग की खडकातून पाणी हिरवं येतंय, केळीचं नवं पान उलगडावं तसं हिरवं. ती निघाली. चिखलात दोनदा पडली. खाणीच्या फाटकाशी आली तर तिथून फ्लाविएं बाहेर येत होता, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. त्याच सकाळी त्याला ट्रकवर घेतलं होतं.

"तुला आठवतंय ना तो कसा झाला होता," ती म्हणाली. "दिवसभर रस्त्याच्या कडेला, हातात बाटली. आणि त्या दिवशी हसत होता गं. मला बघून ती टोपी काढून माझ्याच डोक्यावर ठेवली, म्हणाला, आई, तूच चालव ट्रक. मी तिथे उभी आणि माझ्या तोंडात तो निरोप, खाण आणि ट्रक दोन्ही थांबवणारा. मनात म्हटलं, उद्या सांगते. एक दिवस तरी त्याला ती टोपी घालू दे. दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या."

मी विचारलं, त्यांना काय सांगितलंस?

"त्यांनी विचारलं, सांगितलंस? म्हटलं, सांगितलं. म्हणाले, काय म्हणाली? म्हटलं, ऐकून घेतलं." तिने लेस बोटाला गुंडाळली. "तुझी सही झाल्याचं कळलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे तिने सगळं माहीत असून केलं. मी भांडी घासत होते. घासतच राहिले. एवढी स्वच्छ भांडी या घरात कधी नव्हती."

ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. चढण्याआधी वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "तू लांब राहतेस, ओदील. तुझ्यावर रागवायचं तर त्यांना लांबूनच रागवावं लागतं. माझ्याशेजारी ते रोज झोपतात. एवढं ध्यानात ठेव आणि मग काय लिहायचं ते लिही." ट्रकमध्ये बायका गात होत्या. ती त्यांच्यात बसली आणि तिनेही सूर धरला.

तर दादा, मला माहीत नव्हतं. मला सांगायला कुणी आलं नाही. काळ्याला सांगायचं राहिलेलं वाक्य हेच.

हे लिहून मी मोकळी झाले, असं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही. वहिनीवर रागावून बघितलं, पण राग टिकत नाही. फ्लाविएंच्या जागी माझं मूल असतं तर त्या फाटकाशी मी काय केलं असतं, हे मला ठामपणे सांगता येत नाही. आणि तिच्या वाट्याचं बाजूला ठेवलं तरी माझ्या वाट्याचं उरतंच. पिशवी वाहून गेली, झऱ्याकडून काही कळलं नाही, म्हणजे मला माहीत नव्हतं. मी लिहायला हवं होतं 'माहीत नाही'. मी लिहिलं 'नाही'. तुमचं गप्प राहणं मला सोयीचं होतं म्हणून त्याचा सोयीचा अर्थ लावला. एवढं शिकून आले आणि भावाच्या न बोलण्याला पुरावा मानलं. तुम्हीही माझ्या सहीचा अर्थ लावलात. आपण दोघंही एकमेकांना मान देत राहिलो, आणि त्या मानातल्या मोकळ्या जागेत हे सगळं साचत गेलं.

हे पत्र तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून दाखवता आलं असतं का, याचाही मी विचार केला. फ्लाविएं वाचेल, पण आईने त्याच्यासाठी केलेली गोष्ट त्याच्याच तोंडून वदवायची? पास्टर वाचतील, पण मग संध्याकाळच्या आत गावभर होईल. मी स्वतः अंगणात येऊन बोलले असते तर आपली आई जिथे कुठे असेल तिथे तिने मान खाली घातली असती. उरली वहिनी. म्हणून यातलं काही तुमच्या कानावर पडत असेल, तर त्याचा अर्थ एकच आहे, की ती थांबली नाही. तिच्या हातात कागद आहे, तिथे थांबायला सांगितलं आहे, आणि तरीही ती वाचते आहे. तुम्ही तिला काय बोलाल तो तुमच्या दोघांचा प्रश्न आहे, मी मध्ये पडत नाही. पण बोलण्याआधी हे एवढं मनात धरा.

वहिनी, इथून पुढचं दोन्ही परिस्थितींत वाच.

दादा,

आज सकाळी मी जुना अहवाल मागे घेतला. लिहून दिलं की उत्तरेच्या खड्ड्याचं पाणी म्हाताऱ्यांच्या झऱ्यातून नेपाराच्या पाटात जात होतं असं मानायला मला कारण आहे, आणि आधी केलेली माझी सही धरू नये. देल्मास साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "मादाम, चार वर्षांनी?" मी म्हटलं, हो. म्हणाले, पुरावा? मी म्हटलं, पाहणारा माणूस आहे, नाव सांगणार नाही. वाईट माणूस नाहीत ते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की याचा परिणाम मला ठाऊक आहे ना. मला अंदाज आहे. दक्षिणेचं काम पावसाळ्यापर्यंत थांबेल. कदाचित तेही थांबणार नाही, माझ्या जागी नूमेआहून कुणीतरी येईल आणि दोन पानं जोडून सही करेल. मी या छावणीत नाताळापर्यंत असेन असं मला वाटत नाही.

दक्षिणेकडे लावायचे ट्रक सोमवारपासून उभे राहतील. त्यात फ्लाविएंचाही आहे. हे त्याला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. तो टायरवर बसून डबा खात होता. त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, "आत्या, तू नक्की कुणाची?" त्याने डबा बंद करून माझ्या हातात दिला, घरी पाठव म्हणाला. त्याचं काय होईल याची मला धास्ती आहे. तो पुन्हा रस्त्याच्या कडेला दिसला तर ते माझ्यामुळे असेल, आणि तेव्हा मला कुणाच्याही मागे लपता येणार नाही.

एक गोष्ट तुम्हाला खोटी सांगवत नाही. उत्तरेचा पाट परत येणार नाही. खणून झालं की आम्ही काढलेली माती पुन्हा पसरतो, वर झाडं लावतो, फोटो काढतो. पण खोदून पुन्हा ओतलेली माती पाणी जिरवायला शिकेपर्यंत आपल्यातलं कुणी उरणार नाही. तुम्ही आता ते वाफे बघू शकत नाही आणि मी बघायला जात नाही. आजोबांनी रचलेले ते दगडी बांध अजून उभे आहेत असं ऐकते. त्यांच्यामागे पाणी नाही, एवढंच.

दक्षिणेचं मात्र अजून हातात आहे. पाऊस लागला की मी तिथे रंग ओतणार. कंपनीत असले तर कंपनीतून, नसले तर माझ्या स्वतःच्या गाडीतून डबे वर नेईन. कोळसा म्हाताऱ्यांच्या जागेत जावा की नाही ते तुम्हीच ठरवायचं आहे, आणि तुम्ही पुन्हा नाही म्हणालात तर मी तिसऱ्यांदा विचारणार नाही. फक्त या वेळी निरोप कुणाकडेही देऊ नका. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी कुंपणाच्या बाहेर येऊन उभी राहीन. तुम्ही हवेला उद्देशून बोललात तरी चालेल. काही नसेल तर "काही नाही" असं मोठ्याने म्हणा. तुमच्या गप्प बसण्यावरून मी आता काहीही समजणार नाही.

पत्र रोजनिशीच्या पानांवरच लिहिलं आहे. दुसरा कागद शोधायला उठले असते तर कदाचित पुन्हा बसले नसते. पानाच्या तळाशी उद्याचं काम टिपायची माझी सवय आहे, ते तसंच राहू देते.

तुमच्यापुढून वाकून जाणारी आणि तुम्हालाच उत्तर द्यायला बांधलेली,
तुमची बहीण ओदील

उद्या : नेपाराला जाऊन हे पत्र वहिनीच्याच हातात द्यायचं.